टेम्प हलवायचाय? पण नक्की कुणाचा?

लग्नसराई सुरू झाली किंवा शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सीझन लागला की मला एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. मोबाईलनं तिरका काढलेला कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा फोटो (स्क्रीनशॉट कुणी पाठवत नाही, का ते देव जाणे), त्यात सी ड्राइव्हचा पट्टा लालभडक, आणि खाली मेसेज, "दादा, एन्कोडिंगचा टेम्प डी ला कसा टाकायचा?" (एन्कोडिंग म्हणजे व्हिडिओ दाबून लहान फाईल करणं, आणि टेम्प म्हणजे ते करताना सॉफ्टवेअर तात्पुरत्या फाईली टाकतं ती जागा.)

याचं दोन ओळींचं उत्तर नेटवर शंभर ठिकाणी आहे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (विंडोजची सेटिंग, ज्यात असल्या जागांचे पाथ लिहिलेले असतात) उघडा, पाथ बदला, झालं. लोक करतात पण तसं, आणि आठ दिवसांनी सी ड्राइव्ह परत लाल. कारण व्हिडिओच्या कामात "टेम्पररी फाईल" म्हणून जे काही तयार होतं ते सगळं एका जागी पडत नाही. काही सॉफ्टवेअर विंडोजच्या टेम्पमध्ये टाकतात, काही आपण ज्या फोल्डरमध्ये उभे असू तिथंच टाकतात, आणि काहींचं स्वतःचं वेगळंच कॅशे फोल्डर (परत परत लागणाऱ्या फाईली साठवायची जागा) असतं ज्याला विंडोजच्या टेम्पशी काही देणंघेणं नाही. तिन्ही हलवायची पद्धत वेगळी. म्हणून माझं म्हणणं एवढंच असतं की आधी कोण कुठं लिहितंय ते बघा आणि मग हात घाला.

राजारामपुरीत माझा एक दोस्त आहे, पोटापाण्यासाठी लग्नाचं शूटिंग करतो आणि जिवासाठी फुटबॉलचं. कोल्हापूरबाहेरच्यांना सांगून पटत नाही, पण आमच्याकडं पाटाकडील आणि खंडोबा, किंवा दिलबहार आणि शिवाजी तरुण, अशी मॅच असली की पेठाच्या पेठा स्टेडियमवर असतात, आणि मॅच संपल्यावर तासाभरात "व्हिडिओ कुठाय" म्हणून ग्रुपवर दंगा सुरू. आणि तुकडे नको असतात कुणाला, अख्खी मॅच पाहिजे, कारण ऑफसाईड होता का नव्हता यावर पुढचे पंधरा दिवस भांडायचं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाईल जाते, २०२२ पासून. मग त्याचा हिशोब असा की मॅच मधल्या वेळेसकट धरून १०० मिनिटं, म्हणजे ६००० सेकंद, आणि २ जीबी म्हणजे १६०० कोटी बिट, भागिले ६०००, तर सेकंदाला साधारण २६ लाख बिट हातात येतात. ऑडिओचे काढून ठेवले, थोडी जागा सोडली, की व्हिडिओला २.४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २४ लाख बिट. फाईल नेमकी तेवढीच व्हायला पाहिजे असेल तर टू-पास लावायचं, म्हणजे एकच व्हिडिओ दोन फेऱ्यांत करायचा, आणि तो तेच करत होता हँडब्रेक नावाच्या एन्कोडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. नव्या आवृत्तीत त्याला मल्टी-पास म्हणतात, काम तेच.

त्याचा फोन आला तेव्हा आवाज चढलेला. "मर्दा, अजून एक एमबी व्हिडिओ झाला नाही आणि सी ड्राइव्हमधली दोन जीबी गेली की! आऊटपुट तर मी ई ला दिलंय."

गेलो. त्याचा सी ड्राइव्ह म्हणजे १२८ जीबीची जुनी एसएसडी, त्यात विंडोज, ऑफिस, एडिटिंगची दोन-तीन सॉफ्टवेअर, आणि डेस्कटॉपवर गिऱ्हाइकांचे फोल्डर ठेवायची सवय. असल्या ड्राइव्हवर दोन जीबी पण जड जाते.

मी पहिली गोष्ट करतो ती म्हणजे रिसोर्स मॉनिटर उघडणे. हे विंडोजमध्ये आधीपासून असतं, काही डाऊनलोड करायला लागत नाही. स्टार्टमध्ये नाव टाईप करा, उघडल्यावर डिस्कच्या टॅबवर जा, वरच्या यादीत हँडब्रेकच्या प्रोसेससमोर टिक करा, मग खालच्या डिस्क अ‍ॅक्टिव्हिटीत फक्त तिच्याच फाईली दिसतात, आणि लिहिण्याचा वेग ज्या कॉलममध्ये आहे त्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त लिहिली जाणारी फाईल वर येते. वर आलेली फाईल होती सी ड्राइव्हच्या टेम्पमध्ये, एचबी आणि पुढं एक आकडा अशा नावाच्या फोल्डरात, आणि फाईलचं नाव एक्स२६४ डॉट लॉग डॉट एमबीट्री डॉट टेम्प. एवढं लांबलचक. तो आकडा म्हणजे चालू असलेल्या प्रोसेसचा नंबर असतो, म्हणून दरवेळी वेगळा दिसतो. आणि पहिला पास संपला की फाईलच्या नावातलं शेवटचं टेम्प गळून पडतं आणि दुसरा पास ती वाचायला घेतो.

ही फाईल काय आहे ते जरा बघू, कारण सगळी गंमत इथंच आहे. टू-पासमध्ये पहिल्या फेरीत एन्कोडर व्हिडिओ नुसता बघून घेतो आणि कुठल्या फ्रेमला किती बिट लागतील त्याची टिपणं काढतो. त्यातली साधी टिपणं जातात लॉगमध्ये, ती फाईल त्या मानानं लहान असते. पण एक्स२६४ (हँडब्रेकच्या आतला एन्कोडर) अजून एक काम करतो, फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन पुढच्या फ्रेमांना किती उपयोगी पडणार आहे याचा अंदाज लिहून ठेवतो. स्टेडियमच्या भिंतीचा तुकडा पुढं बराच वेळ जसाच्या तसा राहणार, तर त्याला आत्ताच चांगले बिट द्या, आणि पळणाऱ्या प्लेअरचा पाय पुढच्या फ्रेमला तिथं नसणारच, तर त्याला कमी दिले तरी चालतं, असं. हा अंदाज दर चौकोनाला २ बाईट घेतो. १०८०पी मध्ये आडवे १२० आणि उभे ६८ म्हणजे ८१६० चौकोन, दुणे २, म्हणजे एका फ्रेमला १६ केबी. १६ केबी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण सेकंदाला ५० फ्रेमनं शूट केलेली १०० मिनिटांची मॅच म्हणजे ३ लाख फ्रेम! सगळ्या लिहिल्या तर ४.९ जीबी. सगळ्या लिहीत नाही, ज्या फ्रेमवरून दुसऱ्या फ्रेम काढल्या जातात त्याच लिहितो, बाकीच्या बी-फ्रेम सोडतो, पण निम्म्या धरल्या तरी अडीच जीबीच्या आसपास गेलं. व्हिडिओ व्हायचाय २ जीबीचा आणि त्याची टिपणं अडीच जीबीची, असा हिशोब. एक्स२६५ या दुसऱ्या एन्कोडरची पण अशीच फाईल होते, नाव तेवढं वेगळं.

दोस्त म्हटला, "म्हंजे हे सॉफ्टवेअर आधी व्हिडिओ सीमध्ये करतंय आणि मग ईमध्ये कॉपी करतंय तसं न्हाई?"

नाही. हा गैरसमज लई जणांचा आहे. हँडब्रेक तयार होणारी फाईल थेट तुम्ही दिलेल्या जागीच लिहितो. टेम्पमध्ये पडतात ती ही टिपणं, आणि फाईल स्कॅन करताना काढलेली प्रिव्ह्यूची चित्रं. म्हणजे टू-पास लावलं नसतं तर त्याचा सी ड्राइव्ह जवळजवळ हललाच नसता. आणि ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर वापरला असता तरी ही एमबीट्रीची फाईल झाली नसती, ते एक्स२६४ चं स्वतःचं प्रकरण आहे. ते राहू दे, त्याकडं नंतर येतो.

आता हलवायचं कसं. हँडब्रेक विंडोजला विचारतो की टेम्पची जागा कुठली, आणि विंडोज उत्तर देताना एका ठरलेल्या क्रमानं बघतं, आधी टीएमपी नावाचा व्हेरिएबल, तो नसेल तर टेम्प नावाचा, तोही नसेल तर युजरचं फोल्डर. क्रम लक्षात ठेवा, कारण बरेच जण फक्त टेम्प बदलतात आणि टीएमपी तसाच ठेवतात, मग म्हणतात "बदललं तरी सीमध्येच जातंय". जाणारच, टीएमपी पहिला वाचला जातो. दोन्ही बदला, दोन्हींत एकच पाथ टाका. आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या खिडकीत वरचा भाग तुमच्या युजरचा असतो आणि खालचा अख्ख्या सिस्टिमचा, तर खालच्याला हात लावायचा नाही, तिथं विंडोजच्या सर्व्हिसेसची जागा असते, तिचा आपल्या व्हिडिओशी संबंध नाही.

बदलल्यावर अजून एक गोष्ट. प्रोग्रॅम चालू होताना त्याला व्हेरिएबलची एक कॉपी मिळते आणि बंद होईपर्यंत तो तीच धरून बसतो. म्हणजे आधीपासून चालू असलेल्या हँडब्रेकला तुमचा नवा पाथ कळणारच नाही, बंद करून परत उघडायला लागतो. मी तर सरळ लॉगआऊट होऊन परत यायला सांगतो, नसता घोळ नको.

पण खरं सांगू का, अख्ख्या युजरचा टेम्प हलवणं मला आवडत नाही. आपल्याकडं सगळ्यांचा दुसरा ड्राइव्ह म्हणजे एक्स्टर्नल हार्ड डिस्क असते, आणि ती आज ई असते, मधे गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावला आणि मग हिला जोडलं की एफ झालेली असते. विंडोज टेम्पचा पाथ सांगताना ती जागा खरोखर आहे की नाही हे तपासत नाही, नुसतं लिहिलेलं वाचून सांगतं. मग हार्ड डिस्क घरी राहिली की त्या दिवशी काहीतरी इन्स्टॉल करायला जा, भलताच एरर, प्रिंटरचं सॉफ्टवेअर रडतं, आणि व्हिडिओच्या टेम्पचा आणि प्रिंटरचा संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात पण येत नाही. दोन महिन्यांपूर्वी आपणच काय बदललं होतं ते कोण लक्षात ठेवतंय.

म्हणून मी बॅच फाईल करून देतो. नोटपॅडमध्ये तीन ओळी. पहिल्या ओळीत सेट लिहून टीएमपी बरोबर नवा पाथ, दुसऱ्या ओळीत सेट लिहून टेम्प बरोबर तोच पाथ, तिसऱ्या ओळीत हँडब्रेकच्या ईएक्सईचा पूर्ण पाथ अवतरण चिन्हांत. बरोबरच्या खुणेच्या आजूबाजूला स्पेस सोडायची नाही, नाहीतर ती स्पेस व्हेरिएबलच्या नावातच जाऊन बसते. फाईल सेव्ह करताना शेवट डॉट बॅट. आता डेस्कटॉपवरचं जुनं आयकॉन काढून टाका आणि या फाईलवर डबल क्लिक करून हँडब्रेक उघडा. बदललेला टेम्प फक्त त्या खिडकीतून सुरू झालेल्या प्रोग्रॅमला लागू होतो, बाकी विंडोज आपल्या जागी सुखात. हार्ड डिस्क लावली नसेल तर हँडब्रेक तेवढा कुरकुरेल, आणि का ते लगेच कळेल. पोर्टेबल आवृत्ती वापरत असाल तर तिच्यासोबत सेटिंगची एक छोटी टेक्स्ट फाईल असते, त्यात टेम्पच्या जागेची वेगळी ओळच आहे, मग बॅच फाईलची पण गरज नाही.

नव्या फोल्डरचं नाव साधं ठेवा, इंग्रजी अक्षरात, मधे स्पेस नको. हे उगाच सांगत नाही. कितीतरी जणांनी विंडोज टाकताना युजरचं नाव हौसेनं मराठीत टाकलेलं असतं, मग टेम्पचा अख्खा पाथच देवनागरीत होतो, आणि जुनी एन्कोडिंगची टूल तिथं जाऊन गप्प पडतात, एरर पण धड देत नाहीत. असल्या मशीनवर जागा मुबलक असली तरी टेम्प हलवावा लागतो. मराठीवर प्रेम आहे हो, पण पाथमध्ये नको.

आता एफएफएमपेग, म्हणजे कमांड टाईप करून चालवायचं एन्कोडिंगचं सॉफ्टवेअर. हे वापरणारे कमी, पण जे वापरतात ते शंभर फाईली एकदम लावतात. इथं टेम्प बदलून उपयोग शून्य, कारण टू-पासची टिपणं हा गडी विंडोजच्या टेम्पमध्ये टाकतच नाही. कमांड चालवताना तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे असाल तिथंच एफएफएमपेग टू-पास अशा नावानं सुरू होणारी लॉग फाईल आणि तिची एमबीट्री पडते. कमांड प्रॉम्प्ट उघडला की आपण असतो युजरच्या फोल्डरमध्ये, म्हणजे सीमध्ये, आणि मग परत तेच रडगाणं. एकतर आधी दुसऱ्या ड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये जाऊन मग कमांड चालवा, नाहीतर पासलॉगफाईल नावाचा ऑप्शन आहे तो देऊन पाथ आणि नावाची सुरुवात सांगा, आणि दोन्ही पासला तोच द्या, पहिल्याला दिला आणि दुसऱ्याला विसरला तर दुसरा पास टिपणं शोधत बसणार.

आणि हा ऑप्शन जागेपेक्षा एका वेगळ्या कारणासाठी जास्त महत्त्वाचा आहे. दोन खिडक्या उघडून एकाच फोल्डरमधून दोन मॅचचं टू-पास लावलं, तर दोघांच्या लॉगचं नाव एकच! एकाची टिपणं दुसऱ्याच्या टिपणांवर लिहिली जातात. मग दुसऱ्या पासला एकतर फ्रेमचा हिशोब जुळत नाही म्हणून तो तक्रार करतो, किंवा दोन्ही मॅच सारख्याच लांबीच्या असल्या तर गुपचूप पुढं जातो आणि गोल झाला तिथं नेमका चिखल दिसतो. दरवेळी लॉगला फाईलचंच नाव द्यायची सवय लावली की हा विषय संपतो.

आता मोठ्या चोराकडं येऊ. वर अडीच जीबीवरून एवढं पुराण झालं, पण ज्यांचा सी ड्राइव्ह ५०-६० जीबीनं भरलाय त्यांच्या बाबतीत एन्कोडर बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. ते काम एडिटिंगच्या कॅशेचं.

प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही क्लिप आत आणली की तो ऑडिओ मोकळा करून ठेवतो, सीएफए नावाच्या फाईलीत, आणि वेव्हफॉर्मसाठी पीईके नावाची वेगळी लहान फाईल. कॅमेऱ्याचा ऑडिओ कॉम्प्रेस केलेला असतो, तो टाईमलाईनवर पुढंमागं करताना अडकू नये म्हणून हे करतात. मोकळा म्हणजे किती मोकळा, तर सेकंदाला ४८,००० सॅम्पल, प्रत्येकी ४ बाईट, दोन चॅनेल, म्हणजे सेकंदाला ३८४ केबी, तासाला जवळजवळ १.४ जीबी. नुसता आवाज. आता आपलं लग्न धरा, हळदीपासून वरातीपर्यंत, तीन कॅमेरे, प्रत्येकी सहा तास. अठरा तासांचा आवाज म्हणजे २५ जीबी, एका लग्नाचे! सीझनला अशी किती लग्नं असतात ते तुमचं तुम्ही गुणा. आणि हे सगळं पडतं युजरच्या अ‍ॅपडेटामध्ये, रोमिंगच्या आत अ‍ॅडोबीच्या फोल्डरात, जे फोल्डर विंडोज लपवून ठेवतं. टेम्प व्हेरिएबल बदलला तरी हे तिथून हलत नाही.

ते हलवायचं प्रीमियरच्याच प्रेफरन्सेसमध्ये, मीडिया कॅशे म्हणून पान आहे, तिथं फाईलींची जागा आणि डेटाबेसची जागा अशा दोन गोष्टी आहेत, दोन्ही बदला. त्याच पानावर अमुक दिवसांपेक्षा जुनं कॅशे आपोआप काढून टाकायचा ऑप्शन आहे, तो चालू करा, लोक करत नाहीत. कॅशे उडवलं तर प्रोजेक्टला काही होत नाही, परत उघडताना तो परत तयार करतो, तेवढा वेळ चहा प्या. स्क्रॅच डिस्क (प्रीमियर प्रिव्ह्यू वगैरे लिहितो ती जागा) मात्र प्रोजेक्ट सेटिंगमध्ये असते आणि प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी, त्यामुळं जुने प्रोजेक्ट जुन्याच जागी लिहीत राहतात हे ध्यानात असू द्या.

रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेस, सिस्टिम, मीडिया स्टोरेज. तिथं ड्राइव्हची यादी असते आणि यादीत जो पहिला तो कॅशेचा मालक. क्रम बदलला की नव्या प्रोजेक्टचं कॅशे तिकडं जातं. चालू असलेल्या प्रोजेक्टसाठी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये वर्किंग फोल्डर्स आहे तिथं जाऊन पाथ बघा, कारण तो आधीचाच असण्याची शक्यता जास्त. आणि रेंडर कॅशे उडवायचं ते प्लेबॅकच्या मेन्यूमधून, हातानं फोल्डर डिलीट करत बसू नका.

आता "टेम्प एसएसडीवर टाकला की एन्कोडिंग फास्ट होतं" हे जे सगळीकडं ऐकायला मिळतं, दुकानात एसएसडी विकणारा तर हमखास सांगतो, त्याचा हिशोब आपल्याकडं वर झालेलाच आहे. फ्रेमला १६ केबी. तुमचं मशीन सेकंदाला १०० फ्रेम करत असलं, जे दोस्ताच्या मशीनचं स्वप्न आहे, तरी सेकंदाला १.६ एमबी लिहिलं जाणार. साधी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहिते, आणि जुन्या यूएसबी २.० वरच्या डिस्कला पण १.६ म्हणजे किस झाड की पत्ती. एन्कोडिंगमध्ये घाम प्रोसेसरला फुटतो, डिस्कला नाही. एन्कोडरचा टेम्प हलवून जागा मिळते, वेग मिळत नाही. एडिटिंगच्या कॅशेचं उलटं आहे, तिथं टाईमलाईन सरकवताना तेच कॅशे सतत वाचलं जातं, त्यामुळं ते एसएसडीवर असलं तर खरोखर फरक कळतो. म्हणून दोन ड्राइव्ह असतील तर टिपणं हार्ड डिस्कवर ढकला आणि एसएसडीची जागा कॅशेला ठेवा. दुकानदार याच्या बरोब्बर उलटं करून देतात.

पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डवर टेम्प टाकायची आयडिया कुणाच्या डोक्यात आली तर आधी तो एफएटी३२ आहे का बघा. त्याच्यावर ४ जीबीच्या वरची एक फाईल बसतच नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. लांब मॅचची एमबीट्री तिथपर्यंत जाऊ शकते, आणि मग ५० जीबी मोकळी असताना "डिस्कवर जागा नाही" असला एरर बघून माणूस चक्रावतो. एनटीएफएस किंवा एक्सफॅट पाहिजे.

काही जुन्या सॉफ्टवेअरला पाथ बदलायची सोयच नसते, कुठं लिहायचं ते आतच ठोकलेलं असतं. त्यांच्यासाठी जंक्शन. सॉफ्टवेअर बंद करायचं, त्याचं फोल्डर उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवायचं, आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये एमकेलिंक कमांडला तिरकी रेघ आणि जे देऊन जुन्या जागी त्याच नावाचं जंक्शन करायचं. सॉफ्टवेअरला वाटतं आपण सीमध्येच लिहितोय, प्रत्यक्षात सगळं डीमध्ये जातं. फक्त दुसऱ्या मशीनवरच्या शेअर केलेल्या फोल्डरला जंक्शन चालत नाही, आपल्याच मशीनमधला ड्राइव्ह लागतो.

लिनक्सवाल्यांसाठी एवढंच, तिकडं टीएमपीडीआयआर हा व्हेरिएबल द्या. आणि फेडोरासारख्या डिस्ट्रोमध्ये टेम्पचं फोल्डर मुळातच रॅममध्ये असतं, साधारण रॅमच्या निम्मं, तर ८ जीबी रॅमच्या मशीनवर मोठ्या मॅचचं टू-पास लावायच्या आधी विचार करा.

साफसफाईचं एक. एन्कोडिंग संपवून नीट बंद केला की हँडब्रेक आपलं टेम्प फोल्डर स्वतः उचलतो. पण मधेच लाईट गेली तर ते तिथंच राहतं, पुढच्या वेळी नवा नंबर, नवं फोल्डर, आणि जुनं अनाथ पडून. आपल्याकडं पावसाळ्यात लाईटीचं काय असतं ते सांगायला नको. दोस्ताच्या टेम्पमध्ये असली अनाथ फोल्डरं ओळीनं उभी होती, वळीव पावसात अर्धवट राहिलेल्या मॅचची. हँडब्रेक बंद असताना ती सगळी बिनधास्त उडवा. चालू असताना नको, विंडोज बहुतेक वेळा अडवतं, पण नशिबाची परीक्षा कशाला घ्या. यूपीएस असला तर बरंच.

आणि आता जे नंतर सांगतो म्हटलं होतं ते. त्याला बॅच फाईल करून दिली, चालली, खूश झाला. मग मी विचारलं, बाबा, तुला टू-पास लागतंय कशाला? तर म्हणे दोन जीबीत बसवायचंय. मग दोन हाफ वेगळे कर की. मॅच दोन हाफमध्येच असते, बघणारे पण मधे शेंगदाणे आणायला उठतातच. दोन फाईली केल्या की प्रत्येकीला २ जीबी मिळाली, ५० मिनिटांना. मोबाईलवरच बघणार आहेत सगळे, तर ७२०पी कर, कॉन्स्टंट क्वालिटी लाव (आकार नाही, क्वालिटी ठरवायची), आरएफ, म्हणजे क्वालिटीचा आकडा, २३ च्या आसपास, तो वाढवला की फाईल लहान होते. यात पहिला पासच नाही, त्यामुळं टिपणं नाहीत, एमबीट्री नाही, आणि वेळ पण वाचतो. बहुतेक वेळा बसतं दोन जीबीत. नाहीच बसलं, गवत आणि गर्दी फार असली, तर आरएफ एक-दोननं वाढवून परत लाव. लग्नाच्या पेनड्राइव्हला तर फाईलचा आकार नेमका असायची काही गरजच नसते, ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर ६ जीबी झाली काय आणि ७ झाली काय.

टू-पास ज्याला खरंच नेमका आकार पाहिजे त्यानं लावावं. डीव्हीडीच्या काळात ४.७ जीबीत अख्खं लग्न कोंबायला लागायचं, तेव्हा सगळ्यांना ती सवय लागली, आणि डीव्हीडी गेली तरी प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग) तसेच राहिले. दोस्ताचा प्रीसेट पण कुणाकडून तरी आलेला, त्याच्या आधी अजून कुणाकडून. आता त्यानं बदललाय, आणि परवा ग्रुपवर पहिला हाफ मॅच संपायच्या आधीच टाकला, तर लगेच शिव्या, "आवाज कुठाय रं?" ऑडिओचा ट्रॅक निवडायचा राहिला होता. त्याचा टेम्पशी काही संबंध नाही.